सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर जुन्या बुलेटचं जेटिंग: पहिल्यांदा हात लावणाऱ्यांसाठी

नवा सायलेन्सर लावला की सगळ्यात आधी फसतो तो आपला कान. आवाज जड झाला की गाडीला ताकद आली असं वाटायला लागतं. माझ्या १९९१च्या बुलेट ३५०ला मी मोकळा सायलेन्सर आणि कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) एकाच दिवशी बसवले आणि पुढचा महिनाभर त्या आवाजावर खूश होतो. मग एका रविवारी पहाटे घोडबंदर रोडने गायमुखचा चढ चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळली. आवाज वाढला, वेग वाढेना. पुढे वळण आलं म्हणून मूठ किंचित सैल केली आणि गाडीने एकदम उचल खाल्ली. पुन्हा पूर्ण पिळली, पुन्हा बसली.

पूर्ण उघडल्यावर कमी ओढते आणि जराशी मिटल्यावर जास्त, म्हणजे हवा भरपूर जातेय आणि तिच्या जोडीला पेट्रोल कमी पडतंय. मिस्त्री याला ‘गाडी लीन चालते’ म्हणतात. घरी येऊन पाहिलं तर बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप, हेडजवळ निळा-जांभळा पडला होता. इतके दिवस इंजिन तापत होतं आणि मी आवाज ऐकत बसलो होतो.

ज्यांनी कार्ब्युरेटर कधी उघडलेला नाही आणि गाडीचा सायलेन्सर किंवा फिल्टर बदललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल मिसळतो, त्यातला जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भोकाचा तुकडा, आणि योग्य आकड्याचे जेट बसवणं म्हणजे जेटिंग. उदाहरण जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं आहे, जिच्यावर मिकुनीच्या धर्तीचा मिकार्ब व्हीएम २४ बसतो. २४ म्हणजे त्याच्या गळ्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० असेल तर आकडे वेगळे, पद्धत हीच. टू-स्ट्रोकवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय मात्र गाडी पळवू नका.

पेट्रोल कमी का पडतं

कार्ब्युरेटरला हवा किती आली हे मोजता येत नाही. त्याला कळतो फक्त दाबातला फरक. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. कंपनीचा एअर फिल्टर, त्याचा डबा आणि डब्याचं अरुंद तोंड मिळून हवेला थोडं अडवतात. त्या अडथळ्यामुळे गळ्यातला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जरा जास्त खेचलं जातं. कंपनीने जेटचा आकडा ठरवताना हे सगळं धरलेलं असतं.

आता डबा काढून कोन फिल्टर लावला की अडथळा गेला. हवा जास्त, ओढ कमी. पुढे मोकळा सायलेन्सर असला की सिलिंडरमधला जळलेला वायू सहज बाहेर पडतो आणि त्याच्या जागी ताजी हवा आणखी शिरते. दोन्ही बदल एकाच दिशेला ढकलतात. नुसता सायलेन्सर बदलला तर फरक थोडा असतो, मेन जेट (मूठ पूर्ण उघडल्यावर पेट्रोल देणारा) एखाद-दोन आकडे वर नेऊन भागतं. फिल्टरचा डबा काढला की काम वाढतं.

त्यात भर पडली आहे पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. त्यामुळे जुन्या काळी शुद्ध पेट्रोलवर बरोबर असलेला जेट आज काहीही न बदलता सात-आठ टक्के लीन चालतो. म्हणजे आपली सुरुवातच लीन बाजूने होते.

खरं सांगतो, रोज वापरायच्या बुलेटला कोन फिल्टर लावू नका. ठाण्यातल्या जुलैच्या पावसात उघडा फिल्टर भिजतो, कोरड्या दिवसांत मेट्रोच्या कामाची धूळ खातो, आणि ३४६ सीसीच्या या संथ इंजिनाला त्यातून मिळतं फारच थोडं. मी स्वतः सहा महिन्यांनी डबा परत बसवला. सायलेन्सर मात्र ठेवला, तोही आतली जाळी शाबूत असलेला. जाळी काढलेल्या नळकांड्याने वेग वाढत नाही, शेजाऱ्यांची झोप जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजासाठी दंड होतो तो वेगळाच.

स्क्रू फिरवायच्या आधी

कार्ब्युरेटरची म्हणून सांगितली जाणारी निम्मी दुखणी त्याची नसतातच. पॉइंटमधला गॅप (पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा उघड-मिट जोड), टॅपेट (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली फट) आणि हवेची गळती, हे तिन्ही आधी तपासा. नाहीतर पॉइंटचा दोष जेटने झाकायचा प्रयत्न होईल आणि दोन्ही बिघडतील.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, अंदाजाने पाहू नका. जुन्या बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून तपासायचे. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. ऑइल बदललेलं असावं, चेन फार ताणलेली नसावी, ब्रेक धरून राहत नसावेत. मागचा ब्रेक घासत असेल तर गाडी ओढत नाही आणि दोष जेटवर येतो.

मग गळती. इनलेटचा जोड, कार्ब्युरेटरच्या फ्लँजमधली ओ-रिंग आणि रबरावरची क्लिप, या तीन जागा. इंजिन स्लोवर (मूठ सोडल्यावर राहतो त्या वेगावर) चालू ठेवून त्या जोडांवर फवारणीच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. स्लो बदलला, इंजिन अडखळलं किंवा सावरलं, तर तिथून हवा खेचली जातेय. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडायचं धाडस कृपा करून करू नका.

बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथली गळतीही बघा. मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो, त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. नवा सायलेन्सर बसवताना जुनंच पॅकिंग वापरलं असेल तर ते आधी बदला.

एवढं झालं की वही घ्या. मोबाइल नको, वहीच, कारण हात काळे असतात. त्यात लिहा: मेन जेटवरचा आकडा, पायलट जेटवरचा आकडा, निडलची क्लिप वरून कितव्या खाचेत, एअर स्क्रू बंद होईपर्यंत किती फेरे गेला. यातला प्रत्येक भाग काय करतो ते पुढे येतं. हे चार आकडे तुमचं परतीचं तिकीट आहे. काहीही बिघडलं तरी इथे परत येता येतं.

कार्ब्युरेटर उघडताना

पेट्रोलचा कॉक बंद करा. पार्किंगमध्ये काम करत असाल तर जवळ कुणी सिगरेट ओढत नाही ना, ते बघा. खाली थाळी ठेवा, नाहीतर जेट गटाराच्या जाळीत जातो आणि रविवार संपतो.

जेट पितळेचे असतात, मऊ. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा. सैल असला तर खाच झिजते आणि तो जेट पुन्हा निघत नाही. वाटीच्या तळाशी पांढरट चिकट गाळ दिसला तर आश्चर्य नको. इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवा.

जेट साफ करायला तार कधीही नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि हवेचा दाब पुरतो. अडलंच तर मासेमारीच्या जाळ्याचा बारीक नायलॉन धागा. तारेने भोक मोठं होतं आणि आकडा तोच राहतो. ऐरोलीतल्या माझ्या एका मित्राने जुनी बुलेट घेतली. तिच्या मेन जेटवर ९० लिहिलेलं, तरी प्लग सतत काळाकुट्ट. दोन रविवार आम्ही निडल वर-खाली करत बसलो. शेवटी नवा ९०चा जेट आणला आणि दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले. जुन्याचं भोक उघड मोठं होतं. आधी कुणीतरी ते तारेने वाढवलं होतं. तेव्हापासून जुन्या गाडीतल्या जेटवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. नवा जेट तीस-चाळीस रुपयांचाही मिळतो आणि चांगला दोनशेलाही. हा खर्च वाचवण्यासारखा नाही. आणि एक ध्यानात ठेवा: मिकुनीचा १०० आणि केइहिनचा १०० एकच नाही, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. ज्या बनावटीचा कार्ब्युरेटर, त्याच बनावटीचे जेट.

फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) उंची एकदा सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तपासा. ती चुकली की वाटीतल्या पेट्रोलची पातळी चुकते आणि मग वरपासून खालपर्यंत सगळंच चुकतं.

मुठीवर खुणा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि याच्याशिवाय पुढचं सगळं अंधारात. मास्किंग टेप घ्या. एक पट्टी फिरणाऱ्या मुठीवर, एक तिच्या शेजारच्या स्थिर भागावर. मूठ पूर्ण बंद असताना दोन्हींवर एक रेघ. मग पूर्ण उघडून दुसरी. मधल्या अंतराचे चार भाग करा: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण.

कारण कार्ब्युरेटरचा प्रत्येक भाग मुठीच्या ठरावीक पल्ल्यात काम करतो. बंद ते पाव या पल्ल्यात पायलट जेट आणि एअर स्क्रू. पावच्या आसपास स्लाइडचा (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) खालचा कापलेला भाग. पाव ते पाऊण निडल. पाऊण ते पूर्ण मेन जेट. सीमा धूसर असतात, एक भाग दुसऱ्यात मिसळतो. तरी ‘गाडी अडखळते’ याऐवजी ‘अर्ध्या मुठीला अडखळते’ असं म्हणता आलं की निम्मं काम झालं. आरपीएम किती होता आणि गिअर कुठला होता, हे इथे गौण आहे. बघायचं ते मूठ किती उघडी होती.

आधी मेन जेट

बरेच जण आधी स्लो लावतात, कारण ते उभ्या गाडीवर करता येतं. मी मेन जेटपासून सुरू करतो. मेन जेटचा परिणाम निडलच्या पल्ल्यात खाली उतरतो, उलट फारसं होत नाही. शिवाय पूर्ण मुठीला लीन असलेली गाडीच इंजिन जाळते. स्लो थोडा बिघडलेला असला तर सिग्नलला बंद पडेल, एवढंच.

कंपनीच्या आकड्यापासून चार पायऱ्या वरपर्यंतचे जेट आणा. ९० असेल तर ९२.५, ९५, ९७.५ आणि १००. सुरुवात मोठ्यापासून करा आणि खाली या. जास्त पेट्रोलने प्लग काळा पडतो, तो पुसता येतो. कमी पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, तो पुसता येत नाही.

इंजिन नीट तापू द्या, सात-आठ किलोमीटर तरी. मग मोकळा, थोडा चढाचा रस्ता हवा. माझी वेळ रविवारी पहाटे साडेपाच-सहाची, कासारवडवलीच्या पुढे. नवी मुंबईकरांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या उड्डाणपुलांचे चढ याच वेळी चांगले मिळतात. येऊरला हे करू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे पहाटेच्या वेळी जनावरं फिरत असतात.

तिसऱ्या गिअरमध्ये ३५च्या वेगाने चढाला लागा, एका ठरलेल्या खांबापाशी मूठ पूर्ण उघडा आणि दुसऱ्या ठरलेल्या खांबापाशी काटा किती आहे ते बघा. तीनदा करा, तिन्ही आकडे वहीत. जेट बदला, पुन्हा तीनदा. वेगमर्यादेच्या आत राहूनही हे जमतं, कारण आपल्याला वेग नको, तुलना हवी. आरशात मागचं बघितल्याशिवाय एकही फेरी नाही. घोडबंदरला कंटेनर पहाटेही असतात.

जेट फार मोठा असेल तर गाडी जड वाटते, भडभड करते, सायलेन्सरमधून काळसर धूर येतो. फार छोटा असेल तर माझं झालं तसं: पूर्ण उघडली की बसते, किंचित मिटली की उचलते. या दोन्हींच्या मधे जो जेट त्या दुसऱ्या खांबापाशी सगळ्यात जास्त वेग दाखवेल तो तुमचा. दोन जेट सारखेच वाटले तर मोठा ठेवा. माझ्या गाडीला डब्यासकट ९५ लागला, कोन फिल्टर असताना १००. हे आकडे उतरवून घेऊ नका. तुमचा सायलेन्सर माझा नाही.

प्लग वाचणं

आकडा ठरला असं वाटलं की प्लगची साक्ष काढा. नवा किंवा स्वच्छ केलेला प्लग लावा. त्याच चढावर पूर्ण मुठीने आठ-दहा सेकंद न्या, मग मूठ न मिटता क्लच दाबा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा. गाडी घरंगळत कडेला घ्या. स्लोवर चालवत घरी आणलेला प्लग स्लोची कहाणी सांगतो, मेन जेटची नाही. यासाठी कडेला रुंद जागा असलेला रस्ता निवडा आणि मागे कुणी नसतानाच करा. थोडा वेळ थांबून प्लग काढा, हाताला चटका बसतो.

जुने उस्ताद म्हणतात, प्लग चॉकलेटी हवा. तो सल्ला शिशाच्या पेट्रोलच्या दिवसांतला आहे. भारतभर शिसंविरहित पेट्रोल २००० साली आलं आणि त्यानंतर रंग फिकट झाले. इथेनॉलने ते आणखी फिके झाले. आज चॉकलेटी रंगाच्या मागे लागलात तर गाडी गरजेपेक्षा जास्त रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) कराल. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाच्या अगदी तळाशी, धातूला लागून, फिकट बिस्किटी कडं दिसलं पाहिजे. टोकाशी बघू नका, आत तळाशी बघा, मोबाइलची बॅटरी लावून. पूर्ण पांढरा, खडूसारखा आणि त्यावर बारीक चकचकीत दाणे दिसत असतील तर तातडीने जेट मोठा करा. ते दाणे म्हणजे पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येतंय, ते जेटने सुटणार नाही.

निडल

स्लाइडमध्ये लोंबणारी ही सुई खाली निमुळती होत जाते. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात, बहुधा पाच, आणि एकीत छोटी क्लिप. क्लिप खालच्या खाचेत सरकवली की सुई वर उचलली जाते, जेटचं तोंड जास्त उघडतं, मिश्रण रिच होतं. क्लिप वर, मिश्रण लीन. नवख्यांचा इथेच उलटा हिशेब होतो, म्हणून वहीत मोठ्या अक्षरात लिहा: क्लिप खाली म्हणजे पेट्रोल जास्त.

ट्रॅफिकमध्ये, हायवेवर, ऑफिसला जाता-येता आपण बहुतेक वेळ याच पल्ल्यात असतो. पेट्रोलचा ॲव्हरेज इथेच ठरतो. अर्ध्या खुणेवर मूठ धरून सपाट रस्त्याने एकसारखं चालवा. वेग आपोआप कमी-जास्त होत असेल, कुणी मागून ढकलतंय आणि सोडतंय असं वाटत असेल, तर लीन आहे. क्लिप एक खाच खाली घ्या. पाववरून पाऊणवर मूठ नेताना गाडी घुटमळत असेल, घशात काहीतरी अडकल्यासारखी ओढत असेल, तर रिच. एक खाच वर.

एका वेळी एकच खाच. आणि निडलला हात लावला त्या दिवशी दुसऱ्या कशालाही नाही. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तरी नाही.

स्लाइडच्या कापाचे वेगळे आकडे असतात आणि ती बदलता येते. पण रस्त्यावरच्या बुलेटला मला तशी वेळ कधी आली नाही. स्लाइड झिजून सैल झाली असेल तर मात्र कुठलंच ट्युनिंग टिकत नाही. इंजिन बंद असताना बोटाने हलवून बघा.

शेवटी स्लो

मिकार्बला बाहेरून दोन स्क्रू दिसतात. मोठा, स्प्रिंगवाला, तो स्लाइड उचलून स्लो कमी-जास्त करतो. छोटा पितळी, फिल्टरच्या बाजूला, तो एअर स्क्रू. तो आत गेला की हवा कमी म्हणजे रिच, बाहेर आला की लीन. काही कार्ब्युरेटरांमध्ये हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो. तिथे तो पेट्रोल मोजतो आणि सगळं उलटं होतं. आपला कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

इंजिन तापलेलं असताना एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत घ्या. टेकला की थांबा, आवळला तर त्याचं निमुळतं टोक बसायची जागा खराब करतं. तिथून दीड फेरा बाहेर. स्लो थोडा चढा ठेवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, प्रत्येक वेळी इंजिनाला दहा सेकंद द्या. जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं फिरतं ती जागा सापडली की मोठ्या स्क्रूने स्लो खाली आणा. मग एअर स्क्रू पुन्हा शोधा. दोन-तीनदा असं केलं की बुलेटचा तो ठोका-ठोका मोजता येणारा स्लो बसतो. बरोबर बसला की ॲम्पिअर मीटरचा काटाही त्याच ठेक्यात हलताना दिसतो, आणि ते बघायला मला आजही थांबावंसं वाटतं.

सगळ्यात चांगली जागा एका फेऱ्याच्या आतच येत असेल तर पायलट जेट छोटा पडतोय, एक आकडा मोठा घ्या. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जात असेल तर तो मोठा आहे.

इथे पीयूसीचं मशीन कामाला येतं आणि हे फार थोडे जण करतात. पंपावरच्या पीयूसीवाल्याला विनंती करा, प्रमाणपत्राच्या आधी नुसता काटा बघू दे म्हणून. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. माझी गाडी तीन-साडेतीनच्या आसपास असते तेव्हा सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. पाचच्या वर असेल तर पायलट रिच आहे. एकच्या खाली असेल तर लीन, किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरून आकडा पातळ होतोय. कान आणि नाकापेक्षा हा काटा खूप प्रामाणिक.

टू-स्ट्रोक आणि दोन कार्ब्युरेटरवाले

आमच्या सोसायटीतला एक मुलगा आरएक्स १००ला एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मधे फुगीर असलेला सायलेन्सर) लावून आला. “काका, वरती नुसती उडते,” म्हणाला. जेट बदललास का विचारलं तर नाही. चार दिवसांनी ऐरोली पुलावर चालत्या गाडीत पिस्टन चिकटला आणि मागचं चाक जाम झालं. त्याचा हात क्लचवर होता म्हणून तो पडला नाही.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येणारं ऑइल हेच पिस्टनचं वंगण. लीन चालली की उष्णता वाढते, आणि ऑइल टाकीतच मिसळत असाल तर वंगणही घटतं, दोन्ही एकदम. फोर-स्ट्रोकला महिना मिळतो, इथे पाच मिनिटं. म्हणून चेंबर बसवायच्या आधी मेन जेट तीन-चार पायऱ्या वर नेऊन ठेवा आणि हळूहळू खाली या. टेस्ट करताना दोन बोटं कायम क्लचवर. इंजिनाचा आवाज अचानक बारीक, धातूसारखा झाला की विचार न करता क्लच दाबा. आणखी एक फसवी गोष्ट: ऑइल पंप काढून टाकीतच ऑइल मिसळणारे काळजीपोटी ऑइल वाढवतात. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं घटलं. ऑइल जास्त, मिश्रण लीन.

राजदूत ३५०ला दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. तिथे जेटिंगच्या आधी दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठायला हव्यात. फिल्टर काढा, दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचे दोन ड्रिल बिट अलगद ठेवा आणि मूठ अगदी हळू फिरवा. दोन्ही एकदम सुटून पडले पाहिजेत. एक आधी सुटला तर दुसऱ्याच्या केबलचा ढिलेपणा ॲडजस्टरने काढा. मग स्लोवर दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरा, दोन्हीकडचा झोत सारखा जाणवला पाहिजे. दोन्हीकडे जेट, निडलची खाच आणि एअर स्क्रूचे फेरे सारखेच. यझदी २५०वाल्यांनी यातलं काही करायचं नाही. तिला सायलेन्सर दोन असले तरी सिलिंडर एकच आणि कार्ब्युरेटरही एकच.

ऋतू आणि घाट

मे महिन्यातल्या दुपारी ट्युन केलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे लीन वाटेल. थंड हवा घट्ट असते, त्याच आकारमानात ऑक्सिजन जास्त. म्हणून उन्हाळ्यात ट्युनिंग करत असाल तर अगदी काठावरचा जेट ठेवू नका. घाटात उलटं होतं. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण दहा टक्के विरळ होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे गाडी थोडी जड वाटणारच. दोन दिवसांसाठी जेट बदलू नका, खाली उतरल्यावर ती आपोआप सावरते. माळशेजला तर फरक जेमतेम जाणवतो.

सगळं लागल्यावर तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवा. मग फ्लँजचे नट, फिल्टरची क्लिप आणि बेंड पाइपचं पॅकिंग पुन्हा तपासा, नवे जोड तापून-थंडावून सैल पडतात. प्लग पुन्हा काढून बघा. कोन फिल्टर ठेवलाच असेल तर त्याचं रबर कार्ब्युरेटरच्या तोंडातल्या छोट्या हवेच्या भोकावर आलेलं नाही ना, ते बोट घालून पाहा. मी तीन आठवडे स्लो शोधत होतो, तेव्हा दोष तिथे होता. शेवटी चारही आकडे एका टेपवर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा, तारीख आणि सायलेन्सरचं नाव घालून. पुढच्या वेळी ज्या मिस्त्रीकडे गाडी द्याल त्याला आधी तो टेप दाखवा आणि मगच पाना हातात घेऊ द्या.